बेवारस प्रेतास वारस कोण?

आमच्या ह्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे जुन्या औरंगाबादेत, घाटीच्या दवाखान्याचा रस्ता ज्यास ठाऊक नाही असे घर मराठवाड्यात क्वचितच सापडेल. जालना, बीड, परभणी, हिंगोली येथून, इतकेच नव्हे तर बुलढाणा व जळगाव ह्या शेजारच्या जिल्ह्यांतूनही रोगी येथे येतात. रोगी बरा होऊन घरी निघाला म्हणजे त्याचे आप्त डॉक्टरास दुवा देतात, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या देहावर त्या डॉक्टराचा हात प्रथम शिकला, ज्या देहाच्या शिरा, स्नायू व अस्थी पाहून जिवंत माणसाच्या पोटात कोठे काय आहे हे त्यास कळले, तो देह कोणाचा होता, तो तेथे कसा आला, त्याच्या धन्याने तो दिला होता की कोणी न विचारता घेतला होता, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी आजवर केला आहे? आज तोच प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. विषय अप्रिय आहे हे आम्ही जाणतो. परंतु अप्रिय विषय टाळल्याने तो नाहीसा होत नाही, तो फक्त दुबळ्यांच्या वाट्यास जातो.

प्रथम एक गोष्ट निर्विवाद म्हणून बाजूस ठेवू. मृत देहाचे विच्छेदन केल्यावाचून वैद्य तयार होत नाही. हे मत पाश्चात्त्यांचेच आहे असे कोणी म्हणेल तर त्याने सुश्रुतसंहितेतील शारीरस्थान उघडून पाहावे. अवयव पूर्ण असलेले, विषाने वा दीर्घ रोगाने न मेलेल्या माणसाचे प्रेत मुंज, कुश इत्यादिकांत गुंडाळून, पिंजऱ्यात घालून, प्रवाहात सात रात्री ठेवावे आणि मग वाळा, केस किंवा वेळू ह्यांच्या कुंच्याने त्वचेपासून एकेक थर हळूहळू खरवडीत आतील सर्व रचना डोळ्यांनी पाहावी, असा विधी तेथे सांगितला आहे. पुढे प्रेतस्पर्शाच्या विटाळाने हे ज्ञान आपल्या हातून गेले, ते इतके की १८३६ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात मधुसूदन गुप्त ह्यांनी प्रेताचे विच्छेदन केले तेव्हा ती मोठ्या धाडसाची गोष्ट ठरली. सारांश, विच्छेदन असावे की नसावे हा वाद संपलेला आहे. वाद आहे तो विच्छेदन कोणाचे, आणि कोणाच्या परवानगीने, एवढाच.

ह्या वादास आजच तोंड फुटले पाहिजे असे आम्हास वाटते, ह्याचे कारण शिक्षणाचा वाढता पसारा हे होय. १९५६ साली मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात सामील झाला आणि त्याच वर्षी येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उघडले. तेव्हा सबंध विभागास ते एकच होते. पुढे अंबाजोगाई, नांदेड, लातूर येथे अशी महाविद्यालये निघाली. अलीकडे धाराशिव व परभणी आणि २०२४ साली जालना व हिंगोली ह्यांची भर पडली. खासगी महाविद्यालये, तसेच आयुर्वेद, होमिओपॅथी व दंतवैद्यक शिकविणाऱ्या संस्था निराळ्याच. ह्या प्रत्येक संस्थेच्या शवविच्छेदनगृहात दरवर्षी देह लागतात. विद्यार्थी वाढले, भिंती वाढल्या, यंत्रे आली. परंतु मृत्यूपूर्वी स्वहस्ते आपला देह देणारे त्या मानाने वाढले, असे म्हणण्याचे धाडस आम्हास होत नाही. मग उरलेली गरज कशी भागावयाची? तिचे उत्तर 'बेवारस' ह्या एका शब्दात आहे.

हा शब्द आपल्या कायद्यात कोठून आला ते पाहण्यासारखे आहे. १८२८ साली स्कॉटलंडातील एडिंबरो शहरी बर्क व हेअर नावाच्या दोघा इसमांनी माणसे मारून त्यांची प्रेते शरीरशास्त्राच्या शिक्षकास विकली. त्या प्रकरणाने हादरलेल्या ब्रिटिश पार्लमेंटाने १८३२ साली कायदा केला आणि ज्यांच्यावर कोणी हक्क सांगत नाही अशी, म्हणजे व्यवहारात अनाथगृहातील व दवाखान्यातील दरिद्री माणसांची प्रेते विच्छेदनासाठी मोकळी केली. खून थांबले हे खरे. परंतु पूर्वी जी भीती सर्वांसच होती ती आता केवळ गरिबांच्या माथी बसली. त्याच वळणाचा कायदा मुंबई प्रांतात १९४९ साली झाला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, आणि त्यात स्वेच्छेने देह देण्याचीही सोय झालेली आहे. तथापि रुग्णालयात, तुरुंगात किंवा रस्त्यावर मेलेल्या आणि नियमाने ठरविलेल्या मुदतीत कोणी आप्त वा स्नेही न आलेल्या माणसाचा देह शिक्षणसंस्थेस द्यावा, हा मूळ पाया अद्याप तसाच आहे.

आता बेवारस म्हणजे कोण? ज्यास कोणी नाही तो, असे आपण समजतो. परंतु व्यवहारात बेवारस म्हणजे ज्याचे कोणी वेळेवर पोहोचले नाही तो. वाळूजच्या कारखान्यांत बिहार व उत्तर प्रदेश येथून आलेले मजूर राबतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. असा एखादा माणूस अपघाताने वा तापाने परक्या गावी बेशुद्ध पडला, त्याच्या खिशात कागद नसला, आणि तो दवाखान्यात मेला, तर त्याच्या बायकोस ते कळावयास किती दिवस लागतील? अवयवरोपणाच्या १९९४ सालच्या केंद्रीय कायद्याने दवाखान्यातील वा तुरुंगातील प्रेतावर जवळच्या नातलगांनी हक्क सांगण्यासाठी अठ्ठेचाळीस तासांची मुदत ठेवली आहे. नातलग येण्याचा संभव दिसत असेल तर परवानगी देऊ नये, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. परंतु संभव दिसतो की नाही हे पाहणार कोण? ज्याच्या नावाचाच पत्ता नाही त्याचे नातलग येण्याचा संभव कोणाच्या डोळ्यांस दिसणार? शिवाय अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर असे शरीर रोपणाच्या कामी बहुधा निरुपयोगीच झालेले असते. म्हणजे ही मुदत मृताच्या बायकोस अपुरी आणि रोग्यास उशिराची! गेल्या शतकाच्या मध्यावर शीतगृहे दुर्मिळ होती, तारेवाचून निरोप पोहोचत नव्हता. तेव्हा घाई समजण्यासारखी होती. आज बोटांच्या ठशांवरून धान्य देणारे सरकार त्याच ठशांवरून मृताचे घर शोधू शकत नाही, असे म्हणणे शोभत नाही.

ह्यावर कित्येक सुशिक्षित म्हणतात, "मेलेल्यास काय कळते? नाहीतरी महानगरपालिका ते प्रेत जाळणार किंवा पुरणारच. त्यापेक्षा विद्येच्या कामी आले तर बरे नव्हे काय?" ह्या प्रश्नास आमचे उत्तर सोपे आहे. मेलेल्यास काही कळत नाही हे जर आपणास मान्य असेल, तर आपला स्वतःचा देह देण्याचा अर्ज आपण भरला आहे काय? भरला असेल तर आपणास बोलण्याचा अधिकार आहे, आणि आपले वाक्य आम्ही शिरोधार्य मानू. भरला नसेल, तर आपल्या तत्त्वज्ञानाचा अर्थ इतकाच होतो की, दुसऱ्याचा देह माती आहे आणि आपला देह पवित्र आहे. बंगल्यात मरणाऱ्याने चंदनाच्या लाकडांची तरतूद करावी आणि फलाटावर मरणाऱ्याने विद्यादान करावे, ही कोणत्या शास्त्रातली वाटणी?

दुसरा आक्षेप धर्माचा. देह अपुरा राहिल्यास पुढील गती होत नाही, असे काही हिंदू समजतात; मृतदेह अखंड ठेवून सत्वर दफन करावा, असे अनेक मुसलमान बांधव मानतात; ह्या शहरात दोघेही पिढ्यानपिढ्या शेजारी नांदत आहेत. आमचे मत विचाराल तर, ज्या दधीचीने जिवंतपणी आपल्या अस्थी देवकार्यास दिल्या त्याची कथा ऐकणाऱ्यांनी मृत्यूनंतर डोळे देण्यास कचरावे हे आम्हास विसंगत वाटते. परंतु आमचे मत हा दुसऱ्याच्या देहावरील हुकूम नव्हे. ज्याची श्रद्धा आड येते त्याने देऊ नये. आणि ज्याने हयातीत नकार सांगितला असेल त्याचा नकार मेल्यावरही पाळला जावा. श्रद्धेचा हा मान श्रीमंतास आपोआप मिळतो, कारण त्याचे प्रेत न्यावयास मुले उभी असतात. तो गरिबास कायद्यानेच मिळवून दिला पाहिजे. म्हणूनच आम्ही म्हणतो की ह्या सर्व प्रकरणाचा पाया 'बेवारस' हा नसून 'संमती' हा असावा.

येथवर आम्ही सबंध देहाविषयी बोललो. देहाच्या तुकड्याविषयीचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे, आणि त्याकडे तर कोणाचेच लक्ष नाही. शस्त्रक्रियेत काढलेली गाठ, तपासणीसाठी घेतलेला मांसाचा कण, प्रसूतीनंतर पडलेली वार, अपुऱ्या दिवसांचा गर्भ, शवचिकित्सेत काढून ठेवलेला अवयव, ह्यांचे पुढे काय होते? ह्यांतील कित्येक वस्तू मोलाच्या आहेत. गर्भाभोवतीचा जो पातळ पडदा सुईण एके काळी उकिरड्यात पुरीत असे, तोच शुद्ध करून भाजलेल्या माणसाच्या जखमेवर घालता येतो. मुंबईच्या टाटा रुग्णालयात अशा ऊतींची पेढी १९८८ सालापासून चालू आहे. तेव्हा उपयोगास आमचा विरोध नाही. न विचारता केलेल्या उपयोगास आहे. आज ह्या बाबतीत आपली स्थिती कशी आहे? रोपणासाठी एक कायदा आहे, त्यात २०११ सालच्या दुरुस्तीने अवयवांबरोबर ऊतीही आल्या. पण तो रोगनिवारणापुरता. विच्छेदनासाठी राज्याचा दुसरा कायदा आहे. संशोधनासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ सालची मार्गदर्शक तत्त्वे आहेत. ती चांगली आहेत, परंतु ती म्हणजे कायदा नव्हे. आणि जे ह्या कशातच बसत नाही ते २०१६ सालच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत जाते. म्हणजे माणसाच्या देहाचा तुकडा कोणत्या रंगाच्या पिशवीत टाकावा हे आपल्या नियमांस नेमके ठाऊक आहे. तो टाकण्यापूर्वी किंवा बरणीत ठेवण्यापूर्वी त्या माणसास विचारावे की नाही, हे सांगणारा एक सर्वव्यापी कायदा मात्र नाही.

विचारले नाही तर काय होते ह्याचा धडा इतर देशांनी घेतला आहे. लिव्हरपूल येथील एका बालरुग्णालयात मृत मुलांचे अवयव आईबापांस न सांगता वर्षानुवर्षे ठेवून घेतल्याचे उघडकीस आले. २००१ साली चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि ज्यांनी आपली लेकरे पुरली होती त्या मातांस कळले की आपण सबंध लेकरू पुरलेच नव्हते. त्या आक्रोशातून इंग्लंडात २००४ साली मानवी ऊतींचा कायदा झाला. त्याचे सूत्र एकच, संमती; आणि विच्छेदनाच्या बाबतीत तर ती संमती मृताने स्वतः हयातीत साक्षीदारासमक्ष लेखी दिलेली असली पाहिजे. अमेरिकेत बाल्टिमोर येथे १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. त्या पेशी प्रयोगशाळांत आजही वाढत आहेत, त्यांवर औषधे निघाली, व्यापार झाला. तिच्या वंशजांशी एका कंपनीने तडजोड केली ती २०२३ साली, बहात्तर वर्षांनी! विद्येचा लाभ जगास झाला ह्यात संशय नाही. परंतु एक प्रश्न विचारावयास किती वेळ लागला असता?

आपल्याकडे कायद्याने काही होत नाही, असे म्हणणारांसही उत्तर आहे. आपल्या देशातून माणसांचे सांगाडे परदेशी वैद्यकीय शाळांस विकले जात असत. १९८५ साली सरकारने अस्थींची निर्यात बंद केली. मूत्रपिंडाच्या बाजारास आळा घालण्यासाठी १९९४ चा कायदा झाला आणि तो अमलात आणणाऱ्या पहिल्या राज्यांत महाराष्ट्र होते. आज अवयवाचा सौदा करणारास दहा वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मेंदूमृत्यू झाला की नाही हे चार डॉक्टरांच्या मंडळाने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासावे लागते, आणि मिळालेले अवयव कोणास द्यावयाचे हे प्रतीक्षायादीवरून ठरते. त्या कामी राज्यात जी चार विभागीय केंद्रे आहेत त्यांपैकी एक ह्याच शहरात आहे. ह्या व्यवस्थेत दोष नाहीत असे नाही. चोरवाटा शोधणारे आहेतच. परंतु जेथे नियम, नोंद आणि शिक्षा आली तेथे लोकांचा विश्वास वाढला व दानही सुरू झाले, हे नाकारता येणार नाही. मग जो नियम मूत्रपिंडास लागू तो सबंध देहास का नसावा?

ह्यास्तव आमच्या सूचना अशा आहेत. पहिली, कोणताही देह बेवारस ठरविण्यापूर्वी वारसाचा शोध प्रत्यक्ष झाल्याचा लेखी पुरावा असावा. ठसे, छायाचित्र, गावोगावच्या पोलिसांस निरोप, आणि मृत परप्रांतीय दिसत असल्यास त्याच्या भाषेत सूचना. आणि ह्यासाठी मुदत तासांत न मोजता आठवड्यांत मोजावी. दुसरी, प्रत्येक महाविद्यालयाने वर्षाकाठी किती देह मिळाले, त्यांपैकी किती दानाने व किती बेवारस म्हणून, आणि शिक्षण संपल्यावर त्यांचा अंत्यविधी कोठे व कसा झाला, हे प्रसिद्ध करावे. तिसरी, शस्त्रक्रियेपूर्वी ज्या कागदावर सही वा अंगठा घेतात त्यावर उपचाराच्या संमतीहून वेगळा असा एक प्रश्न मराठी, उर्दू व हिंदी ह्या भाषांत असावा, की काढलेला भाग शिक्षणास वा संशोधनास ठेवू काय. आणि 'नाही' म्हणणाऱ्याच्या उपचारात तिळभरही फरक पडू नये. मृत अर्भकाविषयी तर त्याच्या आईस विचारल्यावाचून कोणीही काही करू नये. चौथी, ह्या साऱ्यावर देखरेख करणारे एक राज्यमंडळ असावे आणि त्यात डॉक्टरांबरोबर सामान्य नागरिकही असावेत. पाचवी, बेवारस देह घेणे काही ठरावीक वर्षांत कमी करीत बंद करावे, आणि त्यासाठी देहदान सुलभ करावे; खेड्यात मेलेल्या दात्याचा देह आणण्याचा खर्च सरकारने सोसावा. तमिळनाडू सरकार अवयवदात्यांस २०२३ सालापासून शासकीय इतमामाने निरोप देते. तसा मान आपल्या राज्यात देहदात्यांसही मिळाल्यास खजिना रिता होणार नाही.

पाचव्या सूचनेचा भार सरकारवर थोडा आणि आपल्यावर पुष्कळ आहे. बेवारसांचे देह घेणे बंद करा असे म्हणावयाचे आणि स्वतःचा द्यावयाचा नाही, तर उद्याचा डॉक्टर शिकणार कोणावर? नुसती सहानुभूती हे पुण्य नव्हे. ह्याच मराठवाड्याच्या मातीत, हिंगोली जिल्ह्यातील कडोळी गावी जन्मलेले नानाजी देशमुख २०१० साली वारले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह दिल्लीच्या आयुर्विज्ञान संस्थेस देण्यात आला. त्यांचे राजकारण कोणास पटो वा न पटो, ही गोष्ट सर्वांनी घेण्यासारखी आहे.

करावयाचे ते फार नाही. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो. तो दोन साक्षीदारांसमक्ष भरावयाचा. परंतु अर्ज भरून तो कपाटात कुलूपबंद केल्यास त्याचा काडीइतका उपयोग नाही, कारण मृत्यूनंतर देह आप्तांच्या हाती असतो आणि त्यांनी कळविले तरच तो जातो. म्हणून बायकोस, मुलांस, सुनेस, भावास सांगून ठेवावे; एकदा नव्हे, चारदा. डोळे मृत्यूपासून सुमारे सहा तासांच्या आत द्यावे लागतात आणि ते घरी मृत्यू आला तरी देता येतात, हेही सांगावे. आणि अवयवदान व देहदान ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, मेंदूमृत्यूच्या प्रसंगी अवयव दिल्यावर सबंध देह विच्छेदनास बहुधा घेतला जात नाही, हे ध्यानात ठेवून घरच्यांस दोन्हींविषयी आपली इच्छा स्पष्ट कळवावी.

वैद्यकीच्या नव्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास, शव हा आपला पहिला गुरू, असा पाठ दिला जातो. हा पाठ आम्हास फार आवडला. परंतु ज्यास गुरू म्हणावयाचे त्यास पकडून आणून चालत नाही. गुरूने विद्या दिली पाहिजे, ती त्याच्यापासून घेतली जाऊ नये. ज्याचे नाव कोणास ठाऊक नाही, ज्याने कधी 'हो' म्हटले नाही, आणि ज्याची बायको कदाचित अजून उसाच्या फडाच्या कडेला त्याची वाट पाहत असेल, अशा माणसास गुरू म्हणून हार घालणे ही दांभिकता होय. ती दूर करण्याचा अर्धा मार्ग कायदेमंडळाच्या हाती आहे. उरलेला अर्धा, वाचकहो, आपल्या हाती आहे, आणि त्यास कोणत्याही अधिवेशनाची वाट पाहावी लागत नाही.